वाचकांचे प्रश्न: कुत्र्याची खाज, शांपू आणि घरगुती उपाय

प्रश्न: आमची तीन वर्षांची लॅब्रॅडोर सतत पंजे चाटते, काखा खाजवते. चार वेगवेगळे शांपू झाले, फरक नाही. आता काखेतली कातडी काळपट आणि जाड झाली आहे, अंगाला आंबूस वास येतो. कोणता शांपू आणावा?

काळी पडलेली जाड कातडी, तेलकटपणा आणि आंबूस वास हे तिन्ही एकत्र दिसले की पहिला संशय मालासेझिया नावाच्या यीस्टवर, म्हणजे एका सूक्ष्म बुरशीवर, घ्यायचा. हे यीस्ट निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोडंफार असतंच. कातडीचं संरक्षण कमी पडलं की ते काखेत, बोटांच्या बेचक्यात, गळ्याच्या घडीत आणि कानात वाढत जातं. पशुवैद्य कातडीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबतात, ती रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काही मिनिटांत निदान होतं. पाचवा शांपू आणण्याआधी ही तपासणी करून घ्या, आणि त्याआधीचे दोन-तीन दिवस तिला आंघोळ घालू नका. धुऊन काढलं तर तपासणीत काही सापडणार नाही.

यीस्ट निघालं तर 2 टक्के क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) आणि 2 टक्के मायकोनाझोल (बुरशीनाशक) असलेला शांपू घ्यावा. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा असा साधारण तीन आठवडे वापरा. वास आणि चिकटपणा गेला की आठवड्यातून एकदा पुरे. नुसत्या पुळ्या, खपल्या आणि कडेला पापुद्रे सुटलेले गोल चट्टे असतील तर ते बहुधा जिवाणूंचं काम असतं. तिथे एकट्या क्लोरहेक्सिडिनचा, 2 ते 4 टक्क्यांचा शांपू चालतो.

आता चार शांपू वाया जाण्याचं सर्वांत नेहमीचं कारण. औषधी शांपू कातडीवर 10 मिनिटं राहायला हवा, आणि बहुतेक घरांत तो दोन मिनिटांत धुतला जातो. औषधाला काम करायला वेळच मिळत नाही आणि दोष बाटलीवर जातो. घड्याळ समोर ठेवा. आधी साध्या सौम्य शांपूने मळ आणि तेल काढा, नाहीतर औषध कातडीपर्यंत पोहोचत नाही. पाणी कोमट, तेही जेमतेम. गरम पाण्याने खाज वाढते. मग औषधी शांपू जिथे त्रास जास्त तिथून लावायला सुरुवात करा: पंजे, काखा, जांघा. म्हणजे पाठ आणि पोट होईपर्यंत त्या जागांना आपोआप जास्त वेळ मिळतो. केसांच्या दिशेने हलक्या हाताने चोळा, नखं लावू नका. 10 मिनिटं ती फेस चाटणार नाही याकडे लक्ष ठेवा. डोळ्यांत क्लोरहेक्सिडिन जाता कामा नये, तोंडाला ओला कपडाच बरा. धुताना पाणी निथळून स्वच्छ येऊ लागल्यावरही आणखी दोन-तीन मिनिटं धुवा. केसांत राहिलेला फेस हेही खाजेचं कारण असतं. शेवटी टॉवेल दाबून पाणी टिपा. बोटांच्या बेचक्या आणि काखा पूर्ण कोरड्या झाल्याच पाहिजेत, कारण ओलाव्यात यीस्ट पुन्हा वाढतं.

एक गोष्ट मात्र शांपूच्या हातात नाही. पंजे, काखा, पोट आणि कान अशा ठिकाणची खाज सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू झाली असेल तर मुळाशी बहुधा ॲलर्जी असते. यीस्ट हा तिचा परिणाम. खाज वारंवार उलटत असेल तर डॉक्टरांशी ॲलर्जीबद्दल स्पष्ट बोला. खाण्याची ॲलर्जी आहे का हे पाहायला किमान 8 आठवडे ठरवून दिलेलं एकच अन्न द्यावं लागतं. त्या काळात एक बिस्किट जरी दिलं तरी प्रयोग फुकट जातो.

प्रश्न: ओट्स, खोबरेल तेल, व्हिनेगर, टी ट्री ऑइल. यांपैकी खरंच उपयोगी काय?

ओट्स निर्धास्त वापरा. साखर किंवा स्वाद नसलेले साधे ओट्स मिक्सरमधून पिठासारखे बारीक करा. एक मोठा चमचा पीठ पेलाभर पाण्यात ढवळा. पाणी दुधासारखं पांढरट आणि हाताला बुळबुळीत लागलं तर दळण जमलं. तळाशी चोथा बसला तर आणखी फिरवा, कारण जाडसर पीठ केसांत अडकतं आणि उपयोग शून्य. मध्यम आकाराच्या कुत्र्यासाठी टबभर कोमट पाण्यात कपभर पीठ घाला, 10 ते 15 मिनिटं ते पाणी अंगावर ओतत राहा, मग साध्या पाण्याने हलकं धुवा. आराम एक-दोन दिवस टिकतो. कोरड्या कातडीला आणि सौम्य खाजेला हा उत्तम उपाय आहे, पण जंतुसंसर्ग याने बरा होत नाही.

पांढरं व्हिनेगर समभाग पाण्यात मिसळून पंजे पुसायला चालतं, पण कातडी अखंड असेल तरच. ओरखडे असतील तर फार झोंबतं, आणि मग कुत्रा तुम्हाला पंजाला हातच लावू देत नाही. खोबरेल तेल कोरड्या नाकावर किंवा कोपरावर बोटभर ठीक आहे. अंगभर लावू नका. कुत्रा ते चाटून जुलाब ओढवून घेतो, शिवाय मालासेझिया स्निग्ध पदार्थांवरच वाढतं.

टी ट्री ऑइल घरात ठेवूच नका. शुद्ध तेलाचे थोडे थेंबही कातडीतून शोषले जाऊन लडखडणं, थरथर, मागचे पाय लुळे पडणं असे प्रकार होतात. रॉकेल आणि जळकं इंजिन ऑइल ही तर विषंच आहेत. झिंक असलेली मलमंही टाळा, चाटल्यावर झिंकची विषबाधा होते.

प्रश्न: लहान बाळांचा शांपू सौम्य असतो, तो चालेल ना?

एखाद्या वेळी, दुसरं काही हाताशी नसेल तर. नेहमीसाठी नको. माणसाच्या कातडीचा सामू (आम्लता मोजणारा pH) साधारण 5.5 असतो, कुत्र्याचा 7 च्या आसपास. त्याच्या कातडीचा वरचा थरही आपल्यापेक्षा बराच पातळ असतो, म्हणून माणसांसाठी बनवलेला शांपू त्याला रोजचा नको.

प्रश्न: शेपटीच्या मुळाशी केस गेले आहेत. पिसवांचा शांपू दर आठवड्याला लावतो, तरी पिसवा परत येतात.

येणारच. शांपू त्या क्षणी अंगावर असलेल्या पिसवा मारतो आणि धुतला की त्याचा परिणाम संपतो. अंडी, अळ्या आणि कोष गादीत, गालिच्यात, फटींत असतात. कोष तर महिनोन्‌महिने तग धरतात. डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध घ्या आणि घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच दिवशी द्या. मात्र कुत्र्याचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका, ते दगावतं. अंथरूण 60 अंश पाण्यात धुवा, व्हॅक्यूम क्लीनर रोज फिरवा. मानेवरच्या औषधाच्या आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही पुरतात, म्हणून ‘पिसवा दिसत नाहीत’ यावर जाऊ नका. केसांतले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकून पाहा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा.

प्रश्न: रात्रीत गालावर ओला, लालभडक चट्टा उठला. काय लावू?

आधी चाटणं-खाजवणं थांबवा, गळ्यात कोन (शंकूच्या आकाराची कॉलर) घाला. चट्ट्याभोवतीचे केस मशीनने कापा. कात्रीने कातडी कापली जाते. अर्धा लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सपाट पाऊण चहाचा चमचा मीठ घालून दिवसातून तीनदा टिपा आणि उघडं राहू द्या. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, ते नव्या पेशींनाही मारतं. मलमाने ओलावा आत कोंडतो. 24 तासांत चट्टा वाढला, पू आला किंवा ताप वाटला तर डॉक्टर गाठा.

प्रश्न: कुत्र्याच्या कानाच्या कडा आणि कोपरं सोलली आहेत, आणि आता आम्हालाही खाज सुटते.

ही खरूज असू शकते. शांपू बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांकडे जा. कुत्र्याला झोपायला वेगळी जागा द्या आणि स्वतःची कातडीही दाखवून घ्या.