प्रेसवर बोट गेले, चूक कोणाची?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय ३०) भोसरीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर) कामाला आहे. गेल्या महिन्यात त्याच्या तर्जनीची दोन पेरे तुटली. खासगी रुग्णालयाचे बिल कंपनीने भरले. मात्र आता ‘सेन्सर मीच बंद केला होता, चूक माझी आहे’ अशा कागदावर सही मागत आहेत. पगारातून ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) रक्कम कापली जाते. सही करावी का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : सही करू नये. रुग्णालयाचे बिल भरणे हा उपकार नाही, आणि पुष्कळदा त्यामागचा हेतू अपघाताची कुठेही नोंद होऊ नये एवढाच असतो.

सेन्सर (हात आत असताना प्रेस थांबवणारे साधन) भावाने बंद केला होता असे वादापुरते मानले तरी त्याचा ईएसआयचा हक्क जात नाही. नियम मोडून किंवा सांगितलेले नसताना केलेले काम जर मालकाच्याच धंद्यासाठी चालले होते, तर त्यातील अपघात नोकरीतलाच समजावा, अशी स्पष्ट तरतूद ईएसआय कायद्यात पूर्वीपासून आहे. भाऊ पत्रा डायखाली (प्रेसच्या साच्याखाली) सरकवत होता तो कंपनीचा माल काढण्यासाठीच. हजेरीचे किंवा वर्गणीचे किमान दिवस भरण्याची अटही या लाभाला नाही. कामावरच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी तो मिळतो.

उपचाराच्या काळात वेतनाच्या साधारण ९० टक्के रक्कम मिळते. त्यानंतर वैद्यकीय मंडळ कायमच्या अपंगत्वाचे प्रमाण ठरवते. कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीच्या एका पेराला ९ टक्के, दोन पेरांना ११ टक्के आणि संपूर्ण बोटाला १४ टक्के असे कमाईक्षमतेचे नुकसान धरलेले आहे. त्या प्रमाणात मिळणारी रक्कम आयुष्यभर चालू राहते, आणि भाऊ पुन्हा कामावर रुजू झाला म्हणून ती थांबत नाही. याकरिता अपघाताची नोंद ‘कामावर असताना’ अशीच झालेली हवी. खासगी रुग्णालयाचे कागद, एक्स-रे आणि त्या दिवशीच्या हजेरीचा पुरावा घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. भाऊ ठेकेदाराचा माणूस आहे, ही सबब तेथे चालत नाही. वर्गणीची पहिली जबाबदारी मूळ कंपनीचीच असते.

आता सेन्सरविषयी. प्रेस शॉपमध्ये वावरलेल्या कोणालाही ठाऊक असते की दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक पाचर मारून किंवा टेप लावून दाबून ठेवलेले असते, सेन्सरला तो निकामी करणारी जंपर वायर जोडलेली असते, आणि शिफ्ट इंचार्ज तासाचे पीस मोजत त्याच मशीनसमोर उभा असतो. सुरक्षा साधनांशी छेडछाड करू नये हे कामगाराचे कर्तव्य आहेच. पण ती साधने बसवणे, चालू ठेवणे आणि ती बंद असताना मशीन चालू न देणे हे कर्तव्य मालकाचे आहे. म्हणून सेन्सर कोणी बंद केला यापेक्षा तो बंद असताना उत्पादन कोणाच्या डोळ्यांदेखत चालू होते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियम, १९४८ ची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. मालकाने कर्तव्यात कसूर केल्यामुळे गंभीर दुखापत झाल्यास तीत एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख रुपये दंड, अथवा दोन्हींची तरतूद असून दंडाची किमान निम्मी रक्कम जखमीला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करावी. तक्रारदाराचे नाव निरीक्षकाने गुप्त ठेवायचे असते.

प्रश्न : माझ्या वर्कशॉपमध्ये आठच कामगार आहेत. आम्हाला यातले काहीच लागू नाही ना?
— एक लघुउद्योजक, कोल्हापूर

उत्तर : वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी आता २० आणि ईएसआयसाठी सर्वसाधारणपणे १० कामगारांची मर्यादा आहे, त्यामुळे आपण या दोन्हींच्या बाहेर राहता. ही सुटका मात्र महाग पडू शकते, कारण ईएसआय नसेल तेथे नुकसानभरपाई मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. १५,००० रुपये मासिक वेतन असलेल्या ३० वर्षांच्या कामगाराची तर्जनीची दोन पेरे गेली, तर वेतनाचे ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये, गुणिले त्या वयाचा गुणक २०७.९८, आणि त्याचे ११ टक्के, असा हिशेब होतो. ही रक्कम सुमारे २ लाख ६ हजार रुपये भरते. कामगाराने मशीनचा गार्ड (संरक्षक आवरण) मुद्दाम काढल्याचा बचाव येथे मालकाला काही प्रमाणात मिळतो. पण तो सिद्ध त्यालाच करावा लागतो, आणि मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास तो मुळीच मिळत नाही. या जोखमीचा विमा मिळतो, तो उतरवावा. प्रेसचा क्लच झिजून स्ट्रोक (ठोका) आपोआप दुसऱ्यांदा पडत असेल, तर विम्याआधी मेकॅनिकला बोलवावे.

प्रश्न : सेफ्टी शूजचे पैसे पगारातून कापले जातात. हे योग्य आहे का?
— एक कामगार, चाकण

उत्तर : नाही. सुरक्षेसाठी दिलेल्या कोणत्याही वस्तूचे पैसे कामगाराकडून घेण्यास वर सांगितलेल्या संहितेने मनाई केली आहे. वेतनचिठ्ठी जपून ठेवा आणि कापलेली रक्कम लेखी मागा.