‘जीवाणू’ या शब्दातला ‘अणू’

एका शिक्षिकेने विचारले आहे की, बॅक्टेरियासाठी मराठीत जंतू, जीवाणू आणि सूक्ष्मजीव यांपैकी कोणता शब्द वापरावा, त्यातही ‘जीवाणू’ लिहावे की ‘जिवाणू’, आणि ज्या पेशीत अब्जावधी अणू असतात तिलाच ‘अणू’ म्हणणे चूक नाही का?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. संस्कृतात ‘अणु’ म्हणजे बारीक, अतिशय लहान. रसायनशास्त्रातला अणू हा त्याच शब्दाला नंतर मिळालेला पारिभाषिक अर्थ आहे. त्यामुळे जीवाणू म्हणजे अतिसूक्ष्म जीव, इतकेच. मला तर हा शब्द मूळ ‘बॅक्टेरिया’पेक्षा अधिक नेमका वाटतो. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबेर्ग यांनी १८२८ मध्ये योजलेले ‘बॅक्टेरियम’ हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ ‘लहान काठी’ असा आहे. म्हणजे ते नाव एकाच आकाराला शोभते. प्रत्यक्षात काही जीवाणू गोल, काही मळसूत्रासारखे, तर पटकीचा जीवाणू स्वल्पविरामासारखा वाकडा असतो. काठीच्या आकाराच्यांसाठी मराठीत ‘दंडाणू’ आणि गोल असणाऱ्यांसाठी ‘गोलाणू’ हे स्वतंत्र शब्द आहेतच, आणि १८७२ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी केलेले जीवाणूंचे वर्गीकरणही प्रामुख्याने आकारावरच उभे होते.

‘जंतू’ या शब्दाचा संस्कृत अर्थ कोणताही प्राणी असा आहे, पण मराठीत जंतुसंसर्ग, जंतुनाशक अशा शब्दांमुळे त्याला रोगाचा वास चिकटला आहे. दुधाचे दही करणाऱ्या लॅक्टोबॅसिलसला जंतू म्हटले, तर वाचकाच्या मनात नको ते चित्र उभे राहते. ‘सूक्ष्मजीव’ हा शब्द मात्र फार व्यापक आहे, कारण त्यात यीस्टसारखी कवके, सूक्ष्म शैवाले आणि अमीबाही येतात. जीवाणूच्या पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक नसते, हा यीस्ट आणि अमीबा यांच्यापासूनचा ठळक फरक आहे. तथापि केंद्रक नाही म्हणून प्रत्येक पेशी जीवाणू ठरत नाही : कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये रायबोसोमल आरएनएची (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमांतील आरएनएची) तुलना करून आर्किया या केंद्रक नसलेल्या सूक्ष्मजीवांचा गट जीवाणूंपासून वेगळा काढला, म्हणून त्यांना आर्कियाच म्हणावे.

‘वाढ’ हा साधा शब्दही येथे जपून वापरावा लागतो. मुलाची वाढ म्हणजे त्याचे अंग वाढणे. जीवाणूंची वाढ म्हणजे बहुधा त्यांची संख्या वाढणे. आतड्यात आढळणारा ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल स्थितीत सुमारे २० मिनिटांत दुभंगतो. हा वेग टिकला, तर एकापासून सात तासांत २० लाखांहून अधिक पेशी होतात. अन्न संपू लागले आणि टाकाऊ द्रव्ये साचली की तो वेग टिकत नाही. म्हणून ‘जीवाणूची वाढ’ असे एकवचन न लिहिता ‘जीवाणूंची वाढ’ असे लिहिणे बरे.

प्रयोगशाळेच्या अहवालातल्या ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’मधील ग्रॅम हे वजनाचे माप नाही, तर १८८४ मध्ये रंजनाची (जीवाणू रंगवून पाहण्याची) पद्धत प्रसिद्ध करणारे डॅनिश वैद्य हान्स क्रिश्चन ग्रॅम यांचे आडनाव आहे, आणि पॉझिटिव्ह हा विद्युतभारही नव्हे. ज्यांच्या पेशीभित्तीत पेप्टिडोग्लायकन या जाळीदार द्रव्याचा जाड थर असतो, ते जीवाणू अल्कोहोलने धुतल्यावरही जांभळा रंग धरून ठेवतात, एवढाच त्याचा अर्थ.

आता लेखनाविषयी. ‘जिवाणू’ हे रूप वृत्तपत्रांत सर्रास दिसते, आणि त्यामागे ‘जिवाला’, ‘जिवाचा’ या रूपांची सवय असावी असे मला वाटते. पण तेथे ऱ्हस्व ‘जि’ विभक्तीमुळे येतो. येथे जीव आणि अणु यांचा संधी आहे, म्हणून मी दीर्घ ‘जी’ लिहितो. शेवटचा ‘णू’ मराठीच्या नियमाने दीर्घ होतो, मात्र समासात तो पूर्वपदी आला की ऱ्हस्वच राहतो : जीवाणू, पण जीवाणुनाशक.