कोरफड रोज लावूनही केस राठच राहतात, ते का

ताई, तुम्ही लिहिलंय की सांदवाडीतली, म्हणजे घरामागच्या परसातली कोरफड महिनाभर रोज रात्री डोक्याला चोपडता, तेल बंद केलंय, तरी केस खराट्यासारखेच; वरून कानामागं खाज सुटली. आमच्या वणीकडंही बायका असंच करतात. मीही दोन उन्हाळे केलं, म्हणून सांगते.

कोरफडीच्या गरात 100 भागांतले 98 भाग नुसतं पाणी असतं, तेल जवळपास नाहीच. पावसाळ्यात हवाच ओली, तेव्हा हे खपून जातं. पण मे महिन्यात पारा 45 च्या वर, रात्रभर डोक्यावर पंखा, अशात ते पाणी बघता बघता उडून जातं आणि केसांवर उरतो नुसता पापुद्रा. खळ दिलेलं लुगडं वाळल्यावर कसं कडक होतं? तसंच. तुम्ही तेल बंद केलं, तिथंच चुकलं.

आता खाज. पान कापलं की सालीलगत पिवळा चीक सुटतो. तो वाळवला की काष्ठौषधीवाल्याकडचा काळा बोळ होतो, जो जुलाबासाठी देतात. हा चीक कातडीला झोंबतो. म्हणून खालचं, जुनं, जाड पान बुडातून कापायचं आणि कापलेली बाजू खाली करून पंधरा-वीस मिनिटं गिलासात उभं ठेवायचं. चीक निथळला की पान धुवायचं, मग साल काढून आतला पारदर्शक गर तेवढा घ्यायचा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. सध्या मात्र खाज पूर्ण जाईस्तोवर डोक्याला काहीच लावू नका. पुरळ आलं किंवा लस वाहताना दिसली तर डॉक्टरला दाखवा.

आणि माय, ते झाड कोरफडच आहे नं? धुऱ्यावरची घायपात पोट्टे कोरफड म्हणून तोडून आणतात. तिचं पान चिवट, आत दोरासारखे तंतू असतात, आणि रस लागला की अंग आगीसारखं खाजतं. माझ्या जावेनं एकदा तीच लावली होती, रात्रभर डोकं धुत बसली बिचारी.

मी लावते ते असं. आठवड्यातून दोनदा, न्हायच्या आधी अर्धा तास, गर गाळून घ्यायचा (गाठी राहिल्या तर केसात पांढरे कण दिसतात) आणि लांबीला लावायचा. न्हाल्यावर केस ओलेच असताना दोन बोटं गर फक्त टोकांना, आणि त्यावर लगेच खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब. गर ओल देतो, तेल ती धरून ठेवतं. आपल्याकडं जवस भरपूर, म्हणून त्याचं तेल लावायचा मोह होतो. पण ते वाळून चिकट होतं आणि वास मारतं. ते चटणीवरच बरं.

गर फ्रीजमध्येही दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नका. लाइटीचा भरवसा नसेल तर लागेल तेवढंच पान कापा. बाजारातला हिरवागार जेल घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, की खरा गर पाण्यासारखा असतो, हिरवा रंग वरून घातलेला.

पण मला खरा संशय तुमच्या पाण्याचा आहे. बोअरचंच पाणी नं? पाणी भरायच्या गुंडाला आतून पांढरा थर धरतो का? मग ते जड पाणी आहे. त्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट साय होते आणि ती केसांवर बसते. त्यावर कितीही कोरफड लावा, वरच्या वर राहते. डोक्याला अंगाचा किंवा कपड्याचा साबण लावत असाल तर आजच सोडा. शिकेकाई किंवा साधा शाम्पू घ्या. शेवटच्या बादलीभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून त्यानं केस धुवा. पंधरा दिवसांत हाताला फरक कळेल. शेतात जाताना केस बांधून वर दुपट्टा हवाच.

पोरीच्या उवांचं विचारलं होतं. कोरफडीनं उवा मरत नाहीत. पण तिला खाज येत नसेल तर ओल्या केसांना गर लावून बारीक फणी फिरवा, फणी सरसर चालते. लिखा आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे. तिच्याजवळ झोपणाऱ्या सगळ्यांचीही डोकी त्याच दिवशी विंचरा.