एकटा अध्यक्ष देशाचा नकाशा वाढवू शकतो का?

प्रश्न: ग्रीनलँड घ्यायच्या बातम्या ऐकून विचारतोय, अमेरिकेचा अध्यक्ष स्वतःच्या अधिकारात असा नवा प्रदेश घेऊ शकतो का? आणि आपल्याकडे काय नियम आहे? – एक वाचक, सांगली

उत्तर: गंमत म्हणजे नवा प्रदेश कसा घ्यायचा हे अमेरिकेच्या घटनेत कुठे स्पष्ट लिहिलेलंच नाही. आलेल्या प्रदेशाचा कारभार काँग्रेसनं (म्हणजे तिथल्या संसदेनं) बघायचा, नवी राज्यं तिनंच सामील करायची एवढं आहे, पण मुळात घ्यायचा कोणी ते नाही. १८०३ मध्ये तेव्हाचा अध्यक्ष थॉमस जेफरसन याच पेचात अडकला. त्यानं माणसं पाठवली होती न्यू ऑर्लिन्स शहर घ्यायला आणि नेपोलियननं फ्रान्सच्या ताब्यातलं अख्खं लुइझियानाच विकायला काढलं, दीड कोटी डॉलर, आणि देशाचा आकार जवळपास दुप्पट! आता हा जेफरसन म्हणजे घटनेत लिहिलंय तेवढाच अधिकार म्हणणारा माणूस, त्यानं घटनादुरुस्तीचा मसुदासुद्धा करून ठेवला होता, पण तिकडून नेपोलियनचं मन फिरतंय अशी कुणकुण लागली, करार पक्का करायला मुदत सहाच महिन्यांची, मग मसुदा गेला खणात. एका पत्रात त्यानं लिहिलं की पालकानं अज्ञान मुलाच्या पैशातून शेजारची जमीन घ्यावी आणि तो सज्ञान झाल्यावर सांगावं, बाबा तुझ्या भल्यासाठीच केलं, तसं हे आहे. (आपल्या सातबाऱ्यावरचा अ.पा.क., म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता, आठवला की नाही?)

पण म्हणून मनमानी चालली असं नाही हां. करार सिनेटपुढे (काँग्रेसचं वरचं सभागृह) गेलाच, दोन तृतीयांश मतं लागतात, २४ विरुद्ध ७ नी पास झाला. पुढे १८२८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की युद्ध आणि तह करायचा अधिकार आहे म्हणजे त्यात प्रदेश मिळवायचा अधिकार आलाच.

टेक्सासच्या वेळी मात्र खरी चलाखी झाली. १८४४ मध्ये सिनेटनं टेक्सास सामील करायचा करार आपटला, १६ विरुद्ध ३५. मग दुसऱ्या वर्षी दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव आणला, कारण त्याला साधं बहुमत पुरतं, आणि सिनेटमध्ये तो २७-२५ असा जेमतेम निघाला. १८९८ ला हवाई याच वाटेनं घेतलं. माझ्या मते दोन तृतीयांशाची अट तिथेच ढिली झाली.

शिवाय पैशाची चावी काँग्रेसकडे. रशियाकडून विकत घेतलेलं अलास्का १८६७ मध्ये ताब्यात आलं, पण ७२ लाख डॉलर मंजूर व्हायला पुढचं वर्ष उजाडलं, तोवर रशिया वाट बघत बसला! म्हणजे अध्यक्ष बोलणी करील, सहीसुद्धा करील, पण मतं आणि पैसे दुसऱ्याकडेच.

आपल्याकडे उलट आहे, राज्यघटनेच्या कलम १ मध्येच भारताच्या प्रदेशात ‘संपादित केले जातील असे इतर प्रदेश’ धरलेत, त्यामुळे घ्यायला आधी कायदा लागत नाही, देऊन टाकायचा असेल तर मात्र घटनादुरुस्ती हवी असं बेरुबारी (पाकिस्तानला द्यायचा ठरलेला पश्चिम बंगालमधला भाग) प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १९६० ला सांगितलं. आधी घेतलेल्या प्रदेशाचं उदाहरण म्हणून गोव्याचंच बघा ना, १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, त्याला केंद्रशासित प्रदेश म्हणून घटनेत घालणारी बारावी घटनादुरुस्ती झाली १९६२ मध्ये, आणि ती लागू धरली मागच्या तारखेपासून, २० डिसेंबर १९६१.