मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया संस्कृतीच्या भांड्यांवरचे प्राणी बघायचेत? मग हे आधी वाच

लगेच जॅग्वार कुठे माकड कुठे असं शोधत बसू नकोस, आधी फोटोग्राफर जस्टिन कर (Justin Kerr) यांचे रोलआउट फोटो बघ, दंडगोल भांड्यावरचं अख्खं चित्र एका पट्टीत दिसतं आणि कोण कुणाकडे बघतंय ते कळतं. सुरुवात अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या म्युझियममधल्या भांड्यापासून कर, साधारण इ.स. 670 ते 750 मधलं आहे, म्हातारा देव सिंहासनावर बसलाय, एक बाई उंचावरून कोकोचं पेय ओततेय आणि खाली चक्क ससा पुस्तक लिहितोय, मला तर हे सगळ्यात भारी वाटतं! आणि प्रत्येक प्राणी जंगलातलाच समजू नको हां, गळ्यात स्कार्फ किंवा अंगाभोवती ज्वाळा दिसल्या तर तो बहुतेक एखाद्या राजघराण्याशी जोडलेला भयंकर आत्मा असतो, शेजारच्या चित्रलिपीत बऱ्याचदा त्याचं नावपण सापडतं.