पतीची टॉमीगन आता कुणाची?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पती तीन महिन्यांपूर्वी गेले. ह्यूस्टनच्या घरातल्या तिजोरीत त्यांची थॉमसन मशीनगन, म्हणजेच टॉमीगन, आणि आखूड नळीची एक रायफल आहे. मृत्युपत्रात सगळं तुमच्या नावे, त्याची अंमलबजावणी करणाऱ्या एक्झिक्युटरही तुम्हीच, पण कोर्टात अजून काही दाखल केलेलं नाही. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारा तुमचा मुलगा बाबांची आठवण म्हणून थॉमसन न्यायला येतोय. एच-१बीवर असलेला पुतण्या म्हणतो, "काकू, भीती वाटत असेल तर तोवर माझ्याकडे ठेवतो."

दोघांनाही आजच फोन करून 'नको' म्हणून सांगा.

पुतण्याचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण एच-१बी हा तात्पुरता व्हिसा. अशा माणसाला शिकारीचा वैध परवाना किंवा तसाच एखादा अपवाद लागू नसेल, तर अमेरिकेत साधी बंदूकही जवळ ठेवता येत नाही. त्यातून ही हत्यारं केंद्र सरकारच्या नोंदवहीतली. मंजुरी न घेता ती दुसऱ्याच्या ताब्यात देणं हा स्वतंत्र गुन्हा, आणि त्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. तिजोरीचा नंबर त्याला माहीत आहे, असं तुम्ही ओघात लिहिलंय. मला त्याचीच जास्त काळजी वाटते. नंबर बदलून घ्या, आणि नवा नंबर फक्त तुमच्याकडे ठेवा.

मुलाचा प्रश्न वेगळा. तो अमेरिकेचा नागरिक आहे, पण राहतो न्यू जर्सीत. तिथे मशीनगनसाठी न्यायाधीशाकडून परवाना लागतो आणि हौशी संग्राहकाला तो मिळेल अशी आशा धरू नका. आखूड नळीच्या रायफलीला तर तिथे बंदीच आहे. टेक्सासमध्ये जे कायदेशीर, तेच गाडीच्या डिकीत घालून एडिसनला नेलं की गुन्हा होतो.

आता तुमच्या मनातली खरी भीती. "हे गेली इतकी वर्षं बेकायदा काही करत होते का?" तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला तसं वाटत नाही. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्याने मशीनगनवर बंदी घातली नाही, तर नोंदणी आणि २०० डॉलरचा कर लावला. १९ मे १९८६ ला सामान्य नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंद बंद झाली. त्याआधी नोंदलेल्या तेवढ्याच आज हातोहाती फिरतात, म्हणून एकेकीची किंमत हजारो डॉलर असते. पुतण्याच्या मित्राने रोख पैसे देऊ केलेत, ते का, हे आता लक्षात आलं असेल.

रायफलीवर पतीचं नाव आणि गावाचं नाव कोरलेलं बघून तुम्ही घाबरलात. ताई, तो उलट चांगला पुरावा आहे. सोळा इंचांपेक्षा कमी नळीची रायफल स्वतः तयार करायची तर आधी मंजुरी घ्यावी लागते, आणि तयार करणाऱ्याने आपलं नाव, शहर आणि राज्य तिच्यावर कोरायचं असतं. त्यांनी नियम पाळला असणार, असंच मी त्यावरून धरून चालतो.

पण कोरलेलं नाव म्हणजे कागद नव्हे. त्यांच्या फाइलीत मंजुरीचा शिक्का असलेले फॉर्म शोधा. थॉमसनसाठी बहुधा फॉर्म ४ (दुसऱ्याकडून घेण्याच्या मंजुरीचा) असेल, रायफलीसाठी फॉर्म १ (स्वतः तयार करण्याच्या मंजुरीचा). वर नाव त्यांचं आहे की एखाद्या ट्रस्टचं, ते आधी बघा. ट्रस्ट असेल तर पुढची वाट बदलते. ट्रस्टचा दस्त बघितल्याशिवाय मी त्यावर बोलणार नाही. कागद सापडले नाहीत तर कोर्टाने एक्झिक्युटर नेमल्याचं पत्र जोडून एटीएफ या केंद्रीय शस्त्र खात्याच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या नोंदणी विभागाला लेखी विचारता येतं. एखादं हत्यार नोंदलेलंच नाही असं निघालं, तर ते आता तुमच्या नावावर नोंदता येणार नाही. तशी सवलत १९६८ च्या नोव्हेंबरात महिनाभर मिळाली होती. तसं झालं तर हत्यार घेऊन स्वतः पोलिसांकडे जाऊ नका, ते वकिलामार्फत सुपूर्द करायचं असतं.

नोंद असेल तर मार्ग सरळ आहे. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र मंजूर करून वाटणी करण्याचं कोर्टाचं काम, चालू असताना एक्झिक्युटर म्हणून ताबा ठेवायला तुम्हाला वेगळी मंजुरी लागत नाही. मात्र प्रोबेट बंद व्हायच्या आत वारस म्हणून स्वतःच्या नावे फॉर्म ५ (करमुक्त हस्तांतराचा अर्ज) दाखल करा. बोटांचे ठसे, फोटो, मृत्युपत्र आणि कोर्टाचं पत्र लागेल, कर शून्य. ग्रीन कार्डाची अडचण नाही. विकायचं ठरवलंत तर फॉर्म ४. थॉमसनवर २०० डॉलर कर आजही आहे, रायफलीवरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय. नोंदणी मात्र दोन्हींना लागते. मंजुरी येईपर्यंत हत्यार तुमच्याच तिजोरीत राहील.

धाकट्या दिरांनी थॉमसन साताऱ्याला मागितली आहे, आजेसासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढले म्हणून. त्या भावनेपुढे मी नतमस्तक आहे. त्याच रेजिमेंटच्या नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ ला इटलीत टॉमीगनचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून तीच उलटी धरून शत्रूवर चालवली होती. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांना. तुमच्या यजमानांनी हीच बंदूक का घेतली असेल, ते कळतं. पण भारतात स्वयंचलित हत्यार निषिद्ध वर्गात मोडतं, आणि ते बेकायदा बाळगल्यास किमान सात वर्षांची शिक्षा आहे. साताऱ्याला यजमानांचा थॉमसनसोबतचा फोटो पाठवा.

विकायची घाई करू नका. आधी प्रोबेटचा अर्ज करा. कागद सापडले की प्रती मला पाठवा आणि परवानाधारक डीलरला घरी बोलवून, तुमच्यासमोर, बंदुका रिकाम्या असल्याची खात्री करून दोन्हींवरच्या नंबरांचे फोटो काढून घ्या. कागदावरचा आणि हत्यारावरचा नंबर मी स्वतः ताडून बघेन, मगच फॉर्म ५ वर सही करा.