आजीची पैठणी नेसावी की जपावी?

प्रश्न : कॉलेजात असल्यापासून मी जुन्या साड्या जमवते आणि नेसते. आजीची नऊवारी पैठणी मात्र घड्यांवर चिरू लागली आहे. रफू करावे का? (एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : प्रथम पैठणी उजेडात धरून पाहा. एखादाच धागा तुटला असेल तर कुशल रफूगर तो सांधू शकेल. पण बोटाने हलकेच ताणताच रेशीम चरचरून फाटत असेल, तर रफूचा टाका शेजारचे जीर्ण धागेही ओढून नेईल. अशी साडी नेसण्याचा मोह आवरावा, हे सांगताना मलाही वाईट वाटते. जुनी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ती वर्षानुवर्षे एकाच घडीत मोडत राहिली की तीच रेशमाला कापते. म्हणून पैठणी धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत सैल गुंडाळून ठेवावी आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. पुण्याच्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत साडी कोंडणे म्हणजे बुरशीला आमंत्रणच!

नेसायची हौस एखाद्या जुन्या इरकल साडीवर भागवा. तिचे सुती अंग धडधाकट असेल, तर लाल रेशमी पदरासह ती आजही दिवसभर सुखाने वावरते. मात्र पदराला सेफ्टी पिन लावू नका.